घोट्याची पकड

देऊळगाव राजा,
११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबा,
सप्रेम जयभीम.

मी इकडे मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? कागद पाहून हासू नका. सहा वर्षांपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, मग पोरीनं करावं तरी काय? प्रतीक्षा सुट्टीत वडनेरले येऊन राह्यली, तिच्याच हाती पत्र देते. तिले चहा पाजा अन् तिच्यासमोर मले शिव्या देऊ नका. ती माझी कॅप्टन आहे.

आता बातमी ऐका. बाबा, आम्ही जिंकलो! राज्याच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये पोरींच्या गटात पहिला नंबर! ज्याले तुम्ही 'डोक्यात टोपलं घालून लोळायचा खेळ' म्हणता, त्यात आमच्या पोरींनी पुण्याले धूळ चारली. तीन वेळा नाहाली तरी केसातला गुलाल निघाला नाही. अन् मले राज्याच्या संघाची हेड कोच केलं. मले! वडनेरच्या भाऊराव मास्तरच्या पोरीले!

लय उडू नको, असं म्हणसान. उडू द्या आज.

कॉलेजात नोकरी लागली अन् तुमच्या कबड्डीच्या सात पोरी घेऊन मी इकडे या खेळात आली, तेव्हा तुम्ही भर मैदानात म्हणाले, "आजपासून ही माझी चेली नाही." पोरगी नाही म्हटलं असतं तर कमी लागलं असतं.

पहिल्या सामन्याची गंमत तुम्हाले कोणीच सांगतली नसन. या खेळात बॉल घेऊन समोर पळायचं, तिकडची शेवटची रेषा ओलांडायची. समोरच्या पोरी अंगावर येऊन पाडतात. त्या सातातल्या आपल्या छायानं बॉल धरला, दोघींना चकवलं, तिसरीले हात लावला अन् वळून सुसाट आपल्याच बाजूले पळत आली! मध्यरेषा ओलांडून हात वर करून उभी! चढाई करून घरी परत आली होती बिचारी. हेल्मेटातून 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येत होतं. सारं मैदान हासलं. मीही पोट धरून हासली. मग बसमध्ये एकटीच रडली. तिनं चुकवलं काहीच नव्हतं, बाबा. तुम्ही शिकवलं तसंच्या तसं केलं होतं.

परवाची फायनल सांगते. आम्ही चौदा, पुणे बारा. शेवटचा डाव. त्यांची एक उंच पोरगी बॉल घेऊन सुटली ते सुटलीच. रेषा चार पावलांवर. आमच्या मागे फक्त प्रतीक्षा. तिच्यापेक्षा वीतभर बुटकी! सारे ओरडत होते, कंबर धर, कंबर धर. प्रतीक्षा खाली बसली, तिच्या मांडीवर डोकं टेकवलं अन् दोन्ही हातांनी घोटा आवळला. ती उंच पोरगी अख्खीच्या अख्खी खाली आली! शिट्टी. खेळ खलास. म्या कोच असून मैदानात उडी मारली, पंचानं हाकलून दिलं.

ती पकड कोणाची, हे तुम्हाले काय सांगू!

अन् इथंच माझी गडबड झाली. पेपरात वाचलंच असन तुम्ही. पेपरवाल्यानं विचारलं, ही पकड कुठं शिकवली? मी म्हणाली, परदेशी व्हिडिओ पाहून. खोटं बोलली, बाबा. मैदानातला तुमचा शब्द सहा वर्षं पोटात होता. वाटलं, मी चेली नाही ना, मग तुमचं नाव तरी काऊन घेऊ? पण दुसऱ्या दिवशी तो पेपर वाचला अन् मले माझीच लाज वाटली. सारं गाव हार घालत होतं अन् मले चोरी केल्यासारखं वाटत होतं.

म्हणून कालच्या सत्कारात माइक हातात घेतला अन् सांगतलं, "ती पकड व्हिडिओची नाही. वडनेर भोलजीच्या भाऊराव मास्तरची आहे. माझ्या संघातल्या सात पोरी त्यांनीच घडवल्या, अन् आठवी मी." आमचे प्राचार्य उभे झाले, मग सारा हॉल उभा झाला. टाळ्या थांबता थांबेनात. त्या टाळ्या तुमच्या होत्या अन् तुम्ही नव्हते, एवढंच खटकलं.

राज्याच्या संघाचा कॅम्प येत्या सोमवारी इथंच आहे. पकड शिकवाले एक माणूस मले निवडाचा होता. म्या तुमचं नाव दिलं. वरच्या साहेबानं फोनवर विचारलं, या खेळाचा अनुभव किती? म्हटलं, काहीच नाही, पण तुमच्या एका तरी पोरीनं त्यांच्या पोरीच्या हातून सुटून दाखवावं. मंजूर केलं त्यायनं.

आता नीट ऐका. पोरगी म्हणून तुमची माफी मागते. ती द्याची का नाही, तुमची मर्जी, कितीही वर्षं घ्या. पण कोच म्हणून बोलावते, त्याले मर्जी नाही. सोमवारी सकाळी सहाले मैदानावर हजर राहा. उशीर झाला तर पोरींसंगं तुम्हालेही पाच चकरा मारा लागतीन.

तुमची चेली,
धम्मशीला
हेड कोच