तबकडीतला आवाज

८ मे १९६६, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे. पोलादपूर.
आमच्या शाळेचा शिपाई दत्ताराम, त्याच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत माझा अपमान झाला. लाउडस्पीकरवर मुंबईची इंग्रजी रॉकची तबकडी चालू होती. त्या गोंगाटात कर्ण्यातून स्वच्छ शब्द आले: "शिर्केबाईंना आवतण दिलं कुणी गो? बोलावलं नाय तरी पयल्या पंगतीला हाजर!" मांडव हसला. मी जिलेबी संपवूनच उठले.
पत्रिका होती. शाळेच्या पत्त्यावर होती. पण निवृत्त झाले म्हणजे शाळा माझी नाही का?
आवाज थोडा प्रयागबाईसारखा. अशक्य. ती लग्नाच्या स्वयंपाकाला आली होती खरी, पण ती माझी शेजारीण, सकाळचा चहा माझ्याकडे घेते.

९ मे. महाड.
लाउडस्पीकरवाल्या मुरारीला फैलावर घेतलं. म्हणतो, मंगलाष्टकांनंतर माईक बंद करायचा राहिला, स्वयंपाकाच्या बायका जवळच होत्या, "तबकडीत काय नाय हो, बाई." स्वतःची लाज झाकायला हे बरं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगत, सैतान ओरडत नाही, कुजबुजतो. तो आवाज तबकडीतच दडवलेला आहे. तबकडी ताब्यात घेतली. उद्या छडा लावणार.

१० मे.
लावला नाही. डोकं दुखत होतं.

११ मे.
तबकडी दिवसभर ऐकली. 'बेबी'खेरीज एक शब्द कळला नाही. या उच्चारांना सिस्टरनी छड्या दिल्या असत्या. मराठी संदेश नाही. म्हणजे तो खोल दडवला आहे.

१२ मे.
बोटाने उलटी फिरवली. ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली. हल्ली माल चांगला येत नाही.
प्रयागबाई चहाला आली. बरं नाही, असं आतूनच सांगितलं. ती दाराशी आंबोळ्या ठेवून गेली. त्यांना शिवणार नाही.

१२ मे, संध्याकाळ.
दोन खाल्ल्या. संशोधनाला शक्ती लागते.

१५ मे.
संदेश फक्त कर्ण्यातूनच उमटतो, हे उघड आहे. मुरारीला शाळेच्या पटांगणात यंत्र लावायला लावलं. सगळी आळी जमली. तबकडी वाजली, कोणाला काही ऐकू येईना. मी मुरारीच्या कानाशी म्हटलं, या आळीत एकालाही कान नाहीत आणि त्या ठमाबाईचा नवरा मुंबईला पळाला तो उगाच नाही.
ते कर्ण्यातून पोलादपूरपर्यंत गेलं असेल. ठमाबाई समोरच उभी. "बाई, तुमच्या तबकडीला आता जीभ फुटली!" म्हणाली. मुरारीने खाली मान घालून माईकचं बटण बंद केलं.
एका प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही.

१६ मे.
प्रयागबाई थेट आत आली. "मीच बोलले बाई. तोंडातून गेलं. माईक उघडा हाय, ठावं नव्हतं." मी म्हटलं, गप्प बस, तुला यंत्रातलं काय कळतं? ती रडायला लागली. तिला बाहेर काढून कडी लावली.
चहा एकटीने घेतला. साखर घालायची राहिली.

१७ मे.
तबकडीच्या कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा:
महाशय, आपल्या तबकडीत तो आवाज आहे, एवढंच लेखी कळवा. माफी नको, भरपाई नको. १ जूनला प्रयागबाईच्या नातवाचं बारसं आहे आणि तोंडी आवतण द्यायला ती आज दोनदा माझ्या दाराशी येऊन गेली. आपलं पत्र हाती असल्याशिवाय मी जाऊ कशी? ३१ मेच्या आत लेखी उत्तर आलंच पाहिजे.