पंधरा मिनिटं तरी ऐका

६ जानेवारी २०२५, सोमवार. दुपार.

...आणि त्या दिवशी कणीक मळून झाली होती. वाटाणे सोलून झाले होते. ओट्यावर गिऱ्हाइकांचे अकरा डबे तोंडं उघडून ओळीने बसले होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी हे गॅलरीतून हलेनात. कानात वायर. मी जाऊन एका कानातली ओढली आणि म्हटलं, गॅस बंद करा, माझा गुडघा दुखतोय, सारखी उठबस होत नाही. हे हसले. ओढलेली वायर माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे जरा ऐक ना, दोन मिनिटं." मी म्हटलं, "अकरा जणांचा स्वयंपाक काय तुमचा फोन करणार आहे?" यांनी उठून गॅस बंद केला. विषय संपला.

हे जाऊन चौदा महिने झाले. आज ही सकाळ आठवायचं कारण यांचा फोन. तो मी चार्ज करून ठेवते, कारण सिलिंडरचा नंबर त्याच्यावरून लागतो. बाकी भावनेचा काही भाग नाही. आज नंबर लावताना बोट भलतीकडे लागलं आणि फोन वाजायला लागला. तारांचं वाद्य. सतार नव्हे, सरोद नव्हे. मागे एक जाड, खर्जातला आवाज आणि ढोलावर कुणी केरसुणी फिरवावी तशी खसखस. खाली तसल्याच चित्रांची रांग. चाळीस तरी असतील.

म्हणजे हे रोज सकाळी गॅलरीत बसून हे ऐकत होते. मला वाटायचं बातम्या.

नाव इंग्रजीत होतं. मी इंग्रजी बिस्किटांच्या पुड्यांवरून शिकले, त्यामुळे वेळ लागतो. पण लावलं. ऊद. पुढे जॅझ.

निश्चय: महिन्याभरात हे समजून घ्यायचं. निव्वळ माहिती म्हणून.

८ जानेवारी, बुधवार.

काम आवरल्यावर ऐकायला बसले. वादक तारा जुळवत होता म्हणून थांबले. वीस मिनिटांनी लक्षात आलं की तेच वादन होतं.

पोळ्यांना साळूबाई येते. मूळची इथलीच, मारुंजीची. तिच्या सासऱ्याच्या जोंधळ्याच्या जागी आता चौदा मजले उभे आहेत आणि ती त्यांच्याकडे पाठ करून बसते. तिला ऐकवलं. लाटणं थांबवून म्हणाली, "वैनी, ह्यो बाबा रडत बी न्हाई न् हसत बी न्हाई. निसता इचार करतुया. गानं कवा सुरू हुनार?" मी सांगितलं की हे अरबी वाद्य आहे, जॅझबरोबर वाजवतात, तुला कळायचं नाही. ती म्हणाली, "आन् तुमाला?"

तिला संगीताची जाण नाही.

११ जानेवारी, शनिवार.

वाचनालयातून वाद्यांवरचं पुस्तक आणलं. ऊदला दीड पान. पोट पपई उभी कापल्यासारखं, मान मागे मोडलेली. सतारीला असतात तसे पडदे याला नसतात. म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते ज्याचं त्याला ठाऊक पाहिजे, दाखवायला कुणी नाही.

जॅझबद्दल असं लिहिलंय की आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात, मग एकेक जण ती सोडून मनाला येईल तिकडे जातो. बाकीचे त्याची जागा धरून ठेवतात. तो फिरून परत येतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं. परत येतोच असं लिहिलंय. लेखकाने सगळं तपासून लिहिलं असेल असं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की. हे जाणकार होते. पिरंगुटच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं रबराच्या चकत्या तपासल्या, पण तो पोटाचा भाग. आतून माणूस कलावंत होता. मला इतक्या वर्षांत कळलं नाही, कारण यांनी कळू दिलं नाही. खरे कलावंत असेच असतात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू. मला बोलावणं नव्हतं, ते ठीकच, मला वेळही नव्हता. समोरच्या रजनीने दारातूनच तिळगूळ दिला. "गोड बोला हं काकू," म्हणाली आणि पायांत चपला तशाच ठेवून परत गेली. गोड बोलायला कुणी तरी थांबायला पाहिजे.

दार लावून ऊद ऐकला. पाऊण तास. आज एका ठिकाणी वाजवणारा मधेच थांबला आणि फक्त तो जाड आवाज चालू राहिला, एकटा, पावलं टाकल्यासारखा. तिथे हे काय करत असतील? डोळे मिटत असतील? मान हलवत असतील? कुणीतरी ऐकणारं पाहिजे. म्हणजे त्याला विचारता येईल की बाबा, तुला इथे काय झालं. त्यावरून यांचा अंदाज बांधता येईल.

मला सोबत नको आहे. अंदाज हवा आहे.

१५ जानेवारी, बुधवार.

मार्ग सापडला, आणि तो घरातच होता. माझे डबे, पूर्वी अकरा, आता नऊ. सगळे बाहेरगावचे, कॉम्प्युटरवाले, हिंजवडीत नोकरीला. सकाळी नऊला डबे गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवते, ते जाताना उचलतात, येताना रिकामे ठेवतात. काहींची तोंडंही मी पाहिलेली नाहीत. पण रोज दुपारी एक वाजता नऊ शिकलेली माणसं माझ्या हातचं झाकण उघडतात. एवढे श्रोते कुणाला मिळतात?

रात्रीपर्यंत थांबलेच नाही. लगेच नऊ चिठ्ठ्या लिहिल्या: "ऊद. अरबी वाद्य. जॅझसोबत. पंधरा मिनिटं तरी ऐका. मग काय वाटलं ते कळवा. हेमाकाकू." उद्या पोळ्यांवर ठेवणार.

माझा हिशेब असा की नऊपैकी सहा जण ऐकतील. कमीत कमी.

१७ जानेवारी, शुक्रवार.

निकाल फार चांगला. एक चिठ्ठी रश्श्यात भिजून परत आली, म्हणजे जेवताना वाचली. एकीत शेवग्याच्या चोथ्याची पुडी बांधलेली होती, म्हणजे जपून ठेवली. पाच परत आल्याच नाहीत, म्हणजे त्यांनी स्वतःजवळ ठेवल्या. आठवा डबाच आला नाही.

नवव्या डब्याच्या मनीषने तर उत्तर लिहिलं. मागच्या बाजूला: "काकू, भाजीत मीठ कमी."

संवाद सुरू झाला आहे.

साळूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "वैनी, पोरं उपाशी असत्यात. तुमी चपातीवर कागूद ठिवला तर ती कागूद बी खातील."

२० जानेवारी, सोमवार.

माझ्या डब्यांपैकी अरहानला फोन केला. म्हटलं याला तरी माहिती असणार. विचारलं, "अरे अरहान, तुमच्यात असतं ना रे हे वाद्य? अरबी?" तो बिचारा म्हणाला, "काकू, मी बार्शीचा. आमच्यात बँजो असतो. वरातीत." मग त्यानेच विचारलं, तब्येत बरी आहे ना, एकट्या असता. मी म्हटलं, मी एकटी कुठली, माझे नऊ डबे आहेत.

फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. मी मराठवाड्याची, तर काय मी रोज पोवाडे म्हणते? उद्या त्याच्या डब्यात दोन लाडू जास्त.

चिठ्ठीचा मार्ग मात्र अपुरा आहे. माणसं समोर बसली पाहिजेत. रविवारी सव्वीस जानेवारी, सगळ्यांना सुट्टी. घरी श्रवणवर्ग ठेवायचा. आधी मी वाद्याची माहिती सांगेन, मग सगळे डोळे मिटून ऐकतील, मग एकेकाने सांगायचं.

२२ जानेवारी, बुधवार.

नऊच्या नऊ जणांचा होकार! संध्याकाळपर्यंत! सौरभने फोन करून विचारलं, "काकू, मित्राला आणू का?" नागपूरचा मुलगा, तिकडे संगीताची आवड असते.

बोलावण्याच्या चिठ्ठीत शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, चिकन बिर्याणीचा उल्लेख होता. पण त्याचा काही संबंध नाही.

साळूबाई म्हणाली, "किती किलो?" मी म्हटलं चार. तिने कपाळावर हात मारला. "गान्याला चार किलो!"

२५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

भाषण लिहिलं. सहा पानं. पहिली दोन वाद्यावर, पुढची चार यांच्यावर. "दयानंद हे अबोल रसिक होते. पहाटे जग झोपेत असताना ते एका दूरच्या वाद्याची संगत करीत." वाचून मलाच बरं वाटलं. यांचं नाव लिहायची सवय नाही, हात जरा अडला.

रजनीकडून चार खुर्च्या आणल्या. तिने विचारलं, वर्षश्राद्ध आहे का? मी म्हटलं, जॅझ आहे.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी चार.

लिहायला बसले आहे. क्रमाने लिहिते.

दहाची वेळ होती. नऊ जण येणार होते, चौदा आले. सगळ्यांनी दाराबाहेर बूट काढले, रजनीच्या उंबऱ्यापर्यंत गेले ते बूट. घर भरलं. इतकी माणसं या घरात मागे एकदाच आली होती.

झेंडावंदनाचा लाउडस्पीकर माझ्या लक्षातच आला नव्हता. खाली देशभक्तीची गाणी, वर मी. भाषणाचं पहिलं पान कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्याला मनीष म्हणाला, "काकू, वास फार भारी येतोय." म्हणून आधी जेवण वाढलं. जेवताना लावू, असं ठरवलं. साडेअकराला खालचा स्पीकर बंद झाला आणि ऊद ऐकू यायला लागला.

आणि ऐकलं हो त्यांनी. खोटं नाही लिहीत. चार-पाच मिनिटं फक्त बोटांचा आणि वाद्याचा आवाज. तो जाड आवाज एकटा राहतो ती जागा आली तेव्हा किमया जेवायची थांबली. किमया म्हणजे सात नंबरचा डबा, ती कंपनीत चुका शोधायचं काम करते. म्हणाली, "काकू, हे मस्त आहे. इथे कुणीतरी रिकाम्या घरात चालतंय असं वाटतं." मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी म्हटलं, काकांनाही हीच जागा आवडायची.

तिला तेच वादन तिच्या फोनवर पाहिजे होतं. म्हणाली, द्या, काकांच्या फोनमधून पाठवून घेते. डावा हात, बोटं पटापट चालत होती. मग ती मागे मागे गेली, चौदा महिन्यांपूर्वीच्या तारखांपर्यंत. आणि चूक सापडल्यावर ही मुलं खूश होतात तशी खुशीत म्हणाली, "अय्या काकू, हे काकांनी लावलेलंच नाही! ऑटोप्ले आहे!"

मी म्हटलं, म्हणजे काय.

म्हणाली, आपण एक लावतो, ते संपलं की फोन आपल्या मनाने पुढचं लावतो. माणसाने स्वतः काय काय शोधलं ते वेगळं दिसतं. त्यात ऊद एकदाही नाही. "काका रोज सहाला वेगळंच काहीतरी शोधायचे. हे बघा. गुडघेदुखीवर सात व्यायाम. जिना चढताना गुडघा दुखतो? उभ्याने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. गुडघे आणि मेथी. परत गुडघे. सगळं गुडघेच आहे. व्यायामाचं संपलं की शांत म्युझिक लागतं, ते हे."

सौरभने तिला कोपर मारलं. तिला कळलं नाही. मनीषने विचारलं, "काकांचे गुडघे दुखायचे का?"

मी म्हटलं, नाही. यांचे गुडघे चांगले होते.

ऊद चालूच होता. साळूबाई आतून आली आणि म्हणाली, "कुनाला रायता?" कुणी मागितला नव्हता. तिने सगळ्यांना वाढला.

पुढची चार पानं वाचायची राहिली. मुलांनी आपापली ताटं घासली, खुर्च्या रजनीकडे पोचवल्या. किमया शेवटी निघाली. तोपर्यंत तिला कुणीतरी सांगितलं असावं. दारात उभी राहून म्हणाली, "सॉरी काकू, मी आपलं..." मी म्हटलं, तुझा काय दोष, तुझं कामच ते. आणि मग विचारलं, त्या जागी तुला जे वाटलं ते खरं वाटलं का, की बिर्याणीसाठी? ती म्हणाली, "खरं, काकू."

साळूबाई भांडी पुसताना म्हणाली, "दादांनी कवा बोलून न्हाई दावलं." मी म्हटलं, दाखवलं होतं. मला वेळ नव्हता.

सहा पानं लिहिली होती. त्यात हे कुठेच नव्हते.

२७ जानेवारी, सोमवार.

डबे नऊला गेले. मेथीची भाजी, वरण, चार चार पोळ्या. साळूबाई साडेदहाला गेली. मग लादीवर चटई टाकली आणि यांनी शोधलेलं पहिलं लावलं. पाठीवर झोपायचं, पाय सरळ ठेवून एक वीत वर उचलायचा, पाच अंक मोजायचे, खाली. दहा वेळा सांगितलं होतं. माझे सहा झाले. मग व्यायाम सांगणाऱ्या बाईचं बोलणं संपलं आणि ते वाद्य आपोआप सुरू झालं. मी उठले नाही.