गुरुवारच्या थंड नूडल्स

८ जानेवारी, गुरुवार

आप्पांना आजही मीटिंग सांगितली. दर गुरुवारी मीटिंग. शेजारच्या पारूकाकू दिवसभर त्यांच्याकडं बघतात, त्यांनाही तेच सांगितलंय.

मीटिंग शहरात, टिळकवाडीतल्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, फूडकोर्टात. खांबाआडचं टेबल. एकीकडं गोबी मंचुरियनचा धूर, दुसरीकडं गिरमिटवाला चिरमुरे कालवतोय, मधे कॉलेजची पोरं कुणाच्या तरी तोंडाला केक फासतायत. एवढ्या गोंगाटात मला कसलं बरं वाटतं. इथं कुणी विचारत नाही, "आप्पा कसे हाईत गं, मंजू?"

थंड नूडल्स घेतल्या. पिवळसर, काचेसारख्या, गुळगुळीत पट्ट्या. व्हिनेगर, लसूण, वरनं लाल तेल. ओठांना गार आणि घशात जाळ. नाक गळेपर्यंत खाल्ल्या. रडलं तरी कळत नाही, हा एक फायदा.

येळ्ळूरला घरी पोचेपर्यंत तोंडात वेलदोडा, लसणाचा वास मारायला.

१२ जाने., सोमवार

सकाळी पेज. चार चमचे, पाचव्याला ठसका. डोळे बाहेर येईपर्यंत खोकले. घशाच्या कॅन्सरचे लाईटचे, म्हणजे रेडिएशनचे, डोस दिवाळीआधीच संपले, गाठ गेली म्हणतात डॉक्टर, पण थुंकी गेली, चव गेली. गरम काही लागलं की आग. आयुष्यभर तंबाखू चघळली, आता पेजेला भितात.

वाटी बाजूला सारून म्हणाले, "पुरे. तू जा कामाला."

जाते की. संध्याकाळी येतेच परत.

१६ जाने., शुक्रवार

साहेबांनी केबिनमधे बोलावलं. वाटलं काही चुकलं. पुण्याच्या ऑफिसात जागा निघालीय, टीम सांभाळायची. "मॅडम, तुमचंच नाव दिलंय मी." फेब्रुवारीअखेर हो की नाही सांगायचं.

मी म्हटलं, घरी विचारते.

घरी कुणाला विचारू? घरी आप्पा.

तरी येताना पूर्ण रस्ताभर पुण्यातली एक खोली डोक्यात. तिला एक खिडकी. टेबलावर फक्त माझं ताट.

१८ जाने., रविवार

आक्का आली निपाणीहून. येताना आप्पांना सीताफळाचं आईस्क्रीम. ते वितळेपर्यंत बोलत बसली. मागच्या अंगणात गाठून तिला म्हटलं, चार-सहा महिने आप्पांना तुझ्याकडं ठेवशील? कारण नाही सांगितलं.

तिनं दोरीवरचा टॉवेल ओढून घडी घातली. मग, "अगं, माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन हाय. पोराची बारावी. आणि आप्पा राहतील काय येळ्ळूर सोडून? तू हाईस म्हणून तर मी निवांत झोपतोय बघ."

माझा हात हातात घेतला. खरंच प्रेमानं घेतला. तेच तर. रागवायलाही जागा नाही.

२२ जाने., गुरुवार

फूडकोर्ट. आज गर्दी नव्हती. नूडल्सवाली समोर येऊन बसली. डोल्मा. मुंडगोडच्या तिबेटी कँपातली, माझ्याच वयाची असेल. मराठी येत नाही, कानडी फर्डं. माझं कानडी ऑफिसपुरतं, पण जमलं.

विचारलं, तू तिबेटी, मग बोर्डावर "चायनीज कोल्ड नूडल्स" का? हसली. म्हणाली, आधी आमच्या भाषेतलं नाव लिहिलं होतं, लोक वाचून पुढं मंचुरियनकडं जायचे. चायनीज लिहिलं, आता थांबतात. आमच्या घरी चायनीज लिहिल्याचं सांगितलं नाही अजून.

मग मी तिला पुण्याचं सांगितलं. ठरवून नाही. तोंडातनं गेलं. आक्काला नाही, काकूंना नाही, हिला.

ती म्हणाली, "मग?" एवढंच. मग काय?

२६ जाने., सोमवार

सुट्टी. आप्पांचं वजन आणखी उतरलंय. परवा तपासणीला नेलं तर डॉक्टर स्पष्टच बोलले. असंच चाललं तर पोटात नळी घालायला लागेल. आप्पांनी तिथं नुसती मान डोलावली. रिक्षात म्हणाले, "नळी न्हाय. सांगून ठेवतो. मी मानूस हाय, ट्रॅक्टर न्हवं."

सांगून ठेवतो म्हणजे मला. नको म्हणायचं त्यांनी, आणि बघत बसायचं मी.

डॉक्टरना फोन केला संध्याकाळी. गार, मऊ, गिळायला सरकणारं काही दिलं तर? म्हणाले द्या, पण बारीक तुकडे, ताठ बसवून, घाई नको.

गार. सरकणारं.

कुठल्या क्षणी सुचलं ते मलाच माहीत. आणि सुचल्यावर लगेच वाटलं, नको. ते माझं आहे.

२९ जाने., गुरुवार

पार्सल आणलं. डोल्माला सांगितलं, तिखट नको, व्हिनेगर नको, लसूण नको. ती म्हणाली, मग उरलं काय? कारण सांगितल्यावर तिनं स्वतः पट्ट्या नखाएवढ्या कापून दिल्या, ताकात घालून दे म्हणाली.

आप्पा : "हे काय? गांडुळं?"

"मुगाचं सत्त्व हाय आप्पा. खावा की."

"चिनी लोकांचं?"

"मुगाचं."

तोंड फिरवलं. मी वाटी ठेवून भांडी घासायला गेले. आले तर वाटी अर्धी. ठसका नाही, काही नाही. मला बघून चमचा खाली ठेवला, चोरी सापडल्यासारखा. मग परत उचलला.

सगळी खाल्ली. किती दिवसांनी काहीतरी सगळं.

मी परत भांड्यांकडं. घासलेलीच भांडी घासली.

१ फेब्रु., रविवार

रोज पार्सल चाललंय. ऑफिस सुटलं की तिसरा मजला, तिथनं येळ्ळूर. बसायला वेळ नाही, आप्पा वाट बघतात. आजही, रविवारचं, स्कूटी काढून गेले.

पारूकाकूंनी अर्ध्या गावाला सांगितलंय. दळपाच्या गिरणीत एक बाई म्हणाली, लेक असावी तर अशी.

हसले मी. दुसरं काय करतात अशा वेळी?

५ फेब्रु., गुरुवार

आप्पा म्हणाले, "ते करून देनारी बाई बघायची हाय मला."

म्हटलं लांब आहे, लिफ्ट आहे, आवाज असतो. "तू जातीस न्हवं?" रिक्षा करून नेलं. इस्त्रीचा सदरा, टोपी. शेवटचे असे कधी निघाले होते आठवत नाही.

खांबाआडचं टेबल मोकळंच होतं. मी दाखवायच्या आधी आप्पा थेट तिथंच जाऊन बसले. माझ्या खुर्चीवर. "हितं बरं हाय. कोन बघत न्हाय."

आता खरी गंमत. हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून आप्पांनी जन्मभर सरकारी ऑफिसात मराठीतनंच अर्ज दिला, त्यापायी लाठ्या खाल्ल्या, एकदा हिंडलगा जेलही झाला. कानडी सगळं कळतं, बोलत नाहीत. डोल्माला मराठी येत नाही. पहिल्यांदा मला, "तिला सांग, लई गुळगुळीत झालंय आज." दुसऱ्यांदा मला, "तिला विचार, मूग कुठला." तिसऱ्यांदा धीर निघेना. खणखणीत कानडीत सुरूच झाले. घसा बसलेला, तरी खणखणीत.

ती त्यांना अज्जा म्हणते. त्यांनी विचारलं, गाव कुठलं? मुंडगोड. त्याच्या आधी? तिनं चमच्यानं वर, उत्तरेला दाखवलं. तिची आजी तिकडनं चालत आली, म्हणायची पुढच्या वर्षी परत जाऊ. दरवर्षी म्हणायची.

आप्पा खूप वेळ हसले. "आमचंबी तसंच हाय म्हन. आमी तर हललोबी न्हाय जाग्यावरनं, तरीबी वाट बघतोय." हे मात्र मराठीत. तिला कळलं असावं.

येताना रिक्षात : "पुढच्या गुरुवारी परत येऊया."

१२ फेब्रु., गुरुवार

गेलो. आप्पा माझ्या खुर्चीवर, मी समोर. मी लाल तेलाच्या मागवल्या तर म्हणाले, "एवढं तिखट? पोट जाळून घेशील." डोल्मानं माझ्याकडं बघितलं. मीही कमी तिखटाच्या खाल्ल्या.

वजन थोडं वाढलंय. डॉक्टर खूश. नळीचं नाव नाही. आक्काचा फोन, रडत होती आनंदानं. "तुझ्यामुळं गं मंजू. तुझ्या हातातच हाय ते."

खरंच आनंद झालाय मला. खोटं का लिहू? गाल जरा भरलेत, घरात आवाज आलाय, परवा रेडिओ लावला. आणि ह्या आनंदातच श्वास अडकतो, हेही खरं. एक तास होता आठवड्यात. आता त्या तासातही आप्पा, माणसं म्हणतात बघा बापलेक कसे.

साहेबांनी विचारलं परत. घरी बोलतेय म्हटलं.

१९ फेब्रु., गुरुवार

व्हायचं ते झालं.

मी पाणी आणायला काउंटरला. आप्पा आणि डोल्मा बोलत होते. आले तर आप्पांच्या हातात चमचा तसाच. डोल्माचा चेहरा उतरलेला. तिनं सहज विचारलं होतं, अज्जा, लेक पुण्याला गेली की तुम्हीही जाणार ना? मग माझ्याकडं कोण येणार?

तिला वाटलं आप्पांना माहीत आहे. चूक तिची नाहीच.

आप्पांनी तिला काही दाखवलं नाही. उरलेलं सावकाश संपवलं. तिला कानडीत "बरुत्तेवे", येतो आम्ही, म्हणाले. रिक्षात टोपी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. अनगोळ गेलं, शेतं लागली. दारात चप्पल काढताना म्हणाले, "कवाधरनं?"

"महिना झाला."

"मला सांगायचं हुतंस."

"सांगून काय केलं असतंत?"

चप्पल भिंतीशी लावून आत गेले. मी तरी असं का विचारावं.

२० फेब्रु., शुक्रवार

पार्सल आणलं. खाल्लं नाही. "भूक न्हाय." पेज चार चमचे.

माझ्यावर राग की मला मोकळं करायचं, की भीती? बोलतील तर कळेल ना. म्हटलं, आप्पा, मी नाही जात, खावा तुम्ही. तर एकदम भडकले. "जेवनासाठी तुला बांधून घालू व्हय मी? बैल हाईस?"

मग ठसका.

२२ फेब्रु., रविवार

आक्काचा फोन. आप्पांनीच तिला सांगितलं पुण्याचं. आधी ती, "मला का न्हाय बोललीस?" मग, "जा की गं. खरंच जा. आप्पांचं बघू काहीतरी." कोण बघणार, विचारलं. "बघू" म्हणाली. मागं तिच्या सासूबाईंची हाक ऐकू येत होती.

सगळे जा म्हणतायत आता. दार उघडलंय आणि उंबऱ्यात आप्पांची वाटी.

२४ फेब्रु., मंगळवार

दुपारी पारूकाकूंचा फोन ऑफिसात. आप्पा घरात नाहीत. टोपी नाही, काठी नाही. शेतात बघितलं, देवळात बघितलं. मी निघतेच तोवर डोल्माचा फोन. अज्जा इथं आहेत, एकटेच आलेत, बसनं.

धावत गेले. घामाघूम, खुर्चीत ताठ बसलेले. चुकीच्या स्टॉपवर उतरून चालत आले होते. मी ओरडले. सगळ्यांच्या देखत. काय झालं असतं म्हणजे? फोन का नाही नेला?

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकट्याला येता येतंय का बघत हुतो."

२६ फेब्रु., गुरुवार

सकाळी निघताना म्हणाले, "आज तू येऊ नको तिकडं. मी जातो माझा."

म्हटलं फोन घ्या. खिशातनं काढून दाखवला.

दिवसभर ऑफिसात एका कागदावर नजर नाही. पाचला निघाले. जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलेच. लिफ्टच्या दारात थांबले, तिथनं खांबाआडचं टेबल अर्धं दिसतं. आप्पा एकटे. समोर वाटी. डोल्मा गिऱ्हाइकात.

खात होते. मधेच ठसका लागला. चांगलाच. खांदे हलायला लागले. माझे पाय सुटले, दोन टेबलं ओलांडून गेले. तोवर आप्पांनीच मान खाली घातली, डॉक्टरांनी शिकवलं तशी, घोट घेतला, थांबले. आणखी एक घोट. रुमालानं डोळे पुसले. परत चमचा उचलला.

मला बघितलं नाही.

मी तिथंच, दोन टेबलांमधे. एक पोरगी म्हणाली, आंटी, बसणार आहात का? नाही म्हटलं. परत लिफ्टनं खाली. स्कूटीवर बसून राहिले. किल्ली लावली नाही. पुढच्या महिन्यात परत गाठ आली तर? ताप आला तर? बस चुकली तर? आणि यातलं काहीच झालं नाही तर मी काय करणार आहे?

त्यांच्या आधी घरी पोचले.

२७ फेब्रु., शुक्रवार

साहेबांना सांगायला केबिनमधे गेले. बसा म्हणाले. बसले. आणि तोंडातनं आलं, सर, सोमवारी सांगते. ते चष्मा काढून बघत राहिले. "मॅडम, सोमवार म्हणजे सोमवार. पुण्याहून परत फोन आलाय."

येळ्ळूरला आले तर आप्पा कट्ट्यावर, डोल्माकडनं बसनं येऊन माझ्या आधी बसलेले. पारूकाकूंना सांगत होते, कंडक्टरनं जागा दिली.

चहा ठेवला. माझा. त्यांना गार दूध.

"काय सांगितलंस हापिसात?"

"सोमवारी सांगायचंय."

"हं."

दूध प्याले. कप खाली ठेवताना जरा सांडलं, त्यांनी स्वतःच धोतराच्या सोग्यानं पुसलं. मी हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

"पुन्याला थंडी असतीय," म्हणाले. जा म्हणून म्हणाले की नको म्हणून, कळलं नाही. विचारलं नाही.

आता दिवेलागण झालीय. ते आत आडवे झालेत. खोकला सुरू झालाय. मी उठले होते, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. पाणी त्यांच्या हाताशी आहे. लिहिता लिहिता ऐकतेय.

अजून थांबला नाही.