साहेबांची गाडी

कापेम्ब्वासाहेब,

खाणीच्या साहेबाची गाडी आमच्या वस्तीत येते ती कुणी मेल्याची बातमी घेऊनच. म्हणून तुम्हाला दारात बघून मी हंबरडा फोडला. तर तुमच्या मागून चोलाचे बाबा उतरले. "अगं, जिवंत आहे मी! नोकरी गेलीय फक्त." मी हसत सुटले, तुम्हाला आग्रहाने जेवायला घातलं.

कपातीचं तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, वेल्डिंग शिकायची सोय केलीत, दुसऱ्या खाणीत शब्द टाकलात. शिव्या घालायला जागाच ठेवली नाहीत हो!

ते अजून पहाटे खाणीचे बूट चढवतात आणि दिवसभर पेरूखाली बसून राहतात. हाक मारली तरी मान वर करत नाहीत.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर पुन्हा गाडी घेऊन याल.

त्या दिवशी रडायची मी जरा घाई केली, एवढंच.

चोलाची आई