चार गिअर मागे, एक पुढे

मोर्शी,
४ डिसेंबर २०२३

तीर्थरूप सौ. बेबीताईले धाकट्या शेषरावचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आमी इकडे मजेत आहो. तुले फोनवर ऐकू येत नाई, अन् विपुलच्या मोबाईलवर निरोप धाडला त आधी सून वाचते, मंग नातू वाचते, मंग सारी गल्ली. म्हणून आपलं हे अंतर्देशीयच बरं. पोस्टमन मले इचारते, काका, कोर्टात केस चालू आहे काय?

ताई, बागेचं जरा कठीण झालं. बैलजोडी मागच्या साली इकली. वखरणीसाठी भाड्यानं मोठा ट्रॅक्टर घातला, त्यानं संत्र्याच्या ओळीत शिरून फांद्या मोडल्या अन् धुऱ्याकडच्या झाडायची साल सोलली. आता त्या खोडायले डिंक्या रोग लागला. मनोज पुण्याहून म्हणते का बाबा, झाडं उपटा अन् सोयाबीन पेरा. आपल्या आईच्या हातची झाडं आहेत ती! मी त्याले सांगतलं, सध्या बहारासाठी झाडायचं पाणी तोडलं आहे, संक्रांतीले सोडतो. त्याच्या आधी वखरणी झाली त बाग राहीन. नाई झाली त तू म्हणशीन तसं.

म्हणून मी घरीच लहान ट्रॅक्टर बनवून राहिलो. हासू नको. मोडीतल्या जीपचा गिअरबॉक्स अन् मागचा एक्सल भेटला. चेसिस आपल्या जुन्या गोठ्याच्या लोखंडी गर्डरची. पुढची चाकं स्कूटरची, मागची एका मिनी ट्रकची. सीट मोर्शीच्या सलूनवाल्यानं खुर्ची बदलली, ती. मान टेकवायले उशी आहे तिले! पार्वता त्याले ट्रॅक्टर म्हणत नाई, भंगाराचं लगन म्हणते.

आता फक्त इंजिन नाई. भाऊजीचा लोडिंग ऑटो तुह्या दारात उभाच आहे. त्याचं इंजिन भेटन काय? रागावू नको. पत्राची वाट पाहून राहिलो.

तुह्या मायेतला,
शेषराव


जुने शहर, अकोला,
११ डिसेंबर २०२३

चिरंजीव शेषराव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. तू अजून बोलतोस तसेच लिहितोस. गुरुजी असते तर छडी घेऊन मोर्शीला आले असते.

ट्रॅक्टर जरूर बनव, पण इंजिन मागू नकोस. तुला ठाऊक नाही इकडे काय चालले आहे. यांच्या डोळ्यांचा पडदा कमजोर झाला, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितले. यांनी ऐकले नाही. एका सकाळी भाजीबाजारात ऑटो थेट कोबीच्या ढिगात घातला. माणसे वाचली, कोबी गेली. विपुलने किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून हे त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. दोन दिवाळ्या झाल्या. विपुल पाया पडतो, हे पाय मागे घेतात. रोज सकाळी अंघोळ करून त्या उभ्या ऑटोत जाऊन बसतात, हँडल धरून. मी तिथेच चहा नेऊन देते. त्याचे इंजिन काढले तर हे बसायचे कुठे, सांग बरे.

तुझ्या पत्राचे मी यांना काही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

पार्वताला आशीर्वाद. सलूनच्या खुर्चीवर बसून शेतात हिंडू नकोस, लोक दाढी करायला येतील.

तुझी,
बेबीताई

ता. क. मला ऐकू येत नाही, म्हणून पाठीमागे कोण उभे आहे तेही कळत नाही. हे माझ्या खांद्यावरून भिंग लावून सगळे वाचत होते. आता अंगणात पाने खणखणवत आहेत. म्हणाले, इंजिन देतो, पण त्याला हात फक्त माझा लागेल, शेषरावाने शहाणपणा करायचा नाही. शुक्रवारी ते स्वतः इंजिन घेऊन येतात. त्यांना चार दिवसांत परत पाठव.


मोर्शी,
२३ डिसेंबर २०२३

तीर्थरूप सौ. ताईले शेषरावचा दंडवत, वि. वि.

भाऊजी भाजीच्या गाडीत आले. इंजिन मांडीवर घेतल्यासारखं, तुह्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं. चादर आता गेली, तिचं दुःख करू नको.

पह्यल्याच दिवशी पार्वताची पंचाईत झाली. घरचा जवाई, पुरणाच्या पोळ्या केल्या, शेला-टोपी काढून ठेवली, अन् जवाई कुठी त ट्रॅक्टरच्या खाली ऑइलमध्ये लोळून राहिले. जवायाले बोलता येत नाई, म्हणून ती त्यायच्यासमोर मलेच बोलते. त्यायच्या वाट्याचं सारं मी ऐकतो.

डोळ्यानं दिसत नाई, तरी भाऊजी बोटानं चाचपून नट कोणता ते सांगतेत. कधी चुकतेतबी. काल माह्या अंगठ्याले पाना लावला होता. आमचं कोणत्याच गोष्टीवर जमत नाई. मी म्हटलं इंजिनचं तोंड पुढं, ते म्हणाले मागं, पट्टा सरळ बसते. मंग ते म्हणाले एक्सल उलटा दिसते, मी म्हटलं उलटाच पाहिजे, गर्डर उंच राह्यते. दोघायनंही आपापलं केलं.

काल सुरू केला. सारं गाव जमा. शेजारच्या पुंजाजीनं नारळ फोडला. भाऊजीनं दोरी ओढली अन् इंजिन असं बोललं, ताई, का भाऊजीच्या डोळ्यात पाणी आलं. मी ऐटीत खुर्चीवर बसलो, पह्यला गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रॅक्टर मागं गेला. मले वाटलं चुकून रिव्हर्स पडला. दुसरा टाकला, त आणखी जोरात मागं गेला! कडब्याची गंजी गेली, वाळत घातलेली पार्वताची लुगडी मागच्या चाकात गेली, अन् पुंजाजी नारळासकट हौदात गेला. मंग कळलं. चार गिअर मागं जायचे आहेत अन् पुढं जायले फक्त रिव्हर्स.

इंजिन फिरवलं तरी दुरुस्त होते, एक्सल उलटवला तरी होते. भाऊजी म्हणतेत, माहं इंजिन बरोबर आहे. मी म्हणतो, माहा एक्सल बरोबर आहे. कालपासून बोलणं बंद. ते पुरणपोळीले हात लावत नाईत. संक्रांत जवळ येऊन राहिली. काय करू, सांग.

तुह्या भरवशावरचा,
शेषराव


अकोला,
२९ डिसेंबर २०२३

चि. शेषराव यास आशीर्वाद.

तू लहान आहेस आणि ते घरचे जावई आहेत. एक्सल तू उलटव. त्यांना सांगू नकोस, ते घरी नसतील तेव्हा गुपचूप कर. त्यांना वाटू दे की आपलेच इंजिन बरोबर होते. आधीच ते एकाशी बोलत नाहीत. आणखी एक अबोला माझ्याने झेपायचा नाही.

हे पत्र वाचून चुलीत घाल.

तुझी,
बेबीताई


अकोला,
२९ डिसेंबर २०२३

श्री. विपुलच्या बाबांना नमस्कार.

अक्षर मोठे काढले आहे, भिंग लागणार नाही. तुम्ही वयाने मोठे आहात, शेषराव लेकरासारखा. त्याची बाग जायची वेळ आली आहे. इंजिनचे तोंड तुम्हीच फिरवा. त्याला सांगू नका, तो बाहेर गेला की करा. त्याला वाटू दे की आपलाच एक्सल बरोबर होता.

इकडे ऑटोच्या रिकाम्या सीटवर शेजारणीच्या कोंबडीने अंडी घातली आहेत. मी तिला उठवलेले नाही. कोणीतरी बसलेले बरे वाटते.

हे पत्र शेषरावला दाखवू नका.

तुमची,
बेबी


मोर्शी,
१७ जानेवारी २०२४

तीर्थरूप सौ. बेबीताईले शेषरावचा कोपरापासून नमस्कार!

ताई, तू काय करून बसली हे?

पार्वता भाऊजीले डोळे दाखवाले अमरावतीले घेऊन गेली, तवा मी दिवसभर राबून एक्सल उलटवला. मंग मी चांदूर रेल्वेले लग्नाले गेलो, तवा भाऊजीनं पुंजाजीले हाताशी घेऊन इंजिन फिरवलं. वरून पत्र्याचं झाकण, मले दिसलं नाई. एक्सल खाली, त्यायले दिसला नाई. दोघंही मनातल्या मनात हासत होतो. भोगीच्या सकाळी मी म्हटलं, भाऊजी, चला, पुन्हा पाहू. ते म्हणाले, पाहू ना, कदाचित तुमचाच एक्सल बरोबर असन. मी म्हटलं, नाई नाई, तुमचंच इंजिन बरोबर असन. पार्वता आमच्या तोंडाकडे पाहून राहिली, का यायले उन्ह लागलं काय.

पह्यला गिअर टाकला. ट्रॅक्टर मागं गेला.

आमी दोघं एकमेकाकडे पाहत राह्यलो. मंग भाऊजीनं खिशातून तुहं पत्र काढलं. मी माहं काढलं. चुलीत घातलं नव्हतं, माफ कर. मी वाचून दाखवलं अन् आमी दोघं बांधावर बसून इतके हासलो, का पुंजाजी पाणी घेऊन धावत आला.

पण उद्या पाणी सोडाचं अन् बागेत वखर पडलेला नाई. आता पुन्हा सारं खोलाले वेळ कुठी? तवा पार्वता पुढं आली. लुगडं खोचलं, खुर्चीवर बसली. तिनं मले इचारलं का पुढं जायचा जो एक गिअर आहे, तो कोणता. मी सांगतलं, रिव्हर्सचा, पण तो लय हळू चालते. ती म्हणाली, मंग संत्र्यात पळाले कोणी सांगतलं? अन् तिनं तोच टाकला. ताई, असा दमदार चालला! बैलाच्या चालीनं. वखर काळ्या जमिनीत बरोबर रुतला, एका फांदीले धक्का नाई, एका खोडाले ओरखडा नाई. अंधार पडेपर्यंत तिनं अर्धी बाग काढली, अन् मले बसू नाई देलं. उरलेली संक्रांतीच्या दिवशी दुपारपर्यंत झाली. सांजेले पाणी सोडलं. मनोजले फोटो धाडला. त्यानं फक्त इचारलं, आईले ट्रॅक्टर कोणं शिकवला? बागेचा इषय काढला नाई. मी समजलो.

आता खरी गोष्ट. तू विपुलले धाडलं, तो संक्रांतीच्या दुपारी बापाले न्याले आला. भाऊजीनं पाठ फिरवली. पोरगं बिचारं तिळगूळ हातात घेऊन उभं. मले पाहावलं नाई. मी म्हटलं, विपुल, जरा ट्रॅक्टर त सावलीत लाव. गिअरचं सांगाचं राहूनच गेलं. ईश्वराशपथ, मुद्दाम नाई.

त्यानं पह्यला टाकला. ट्रॅक्टर वखरासकट मागं सुटला, ठिबकची एका ओळीची नळी ओढत, थेट भाऊजीच्या खाटेकडे. भाऊजी उडी मारून उठले अन् त्यायनं विपुलले अशी एक शिवी हासडली, का पार्वता घरात निघून गेली. विपुलनं ब्रेक दाबला. ट्रॅक्टर खाटेले टेकून बंद पडला. विपुल खाली उतरला अन्, ताई, तो हासत होता अन् रडतही होता. म्हणाला, बाबा, आणखी द्या. भाऊजीनं त दिल्या. मंग त्याच्या हातातला तिळगूळ घेतला, त्याचा हात धरून गिअरवर ठेवला, अन् चाचपून एक एक गिअर शिकवत बसले.

दोघंही आता तुटलेली नळी जोडून राहिले. इतक्यात येतीनसे वाटत नाई. बहार फुटेपर्यंत ठेवू काय?

तुह्या पत्रायचा मार खाल्लेला,
शेषराव


अकोला,
२३ जानेवारी २०२४

चि. शेषराव यास आणि पार्वतास अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी पार्वतास जास्त.

पत्र तीनदा वाचले. सून विचारत होती, आई, डोळे का पुसता? मी सांगितले, कांदा चिरते आहे. हातात पत्र होते, पण ती समजूतदार आहे.

दोघांनाही ठेवून घे. घाई नाही. विपुलच्या कामावर मी निरोप देते.

फक्त एक कळव. एवढे मोठे पत्र लिहिलेस आणि मुख्य गोष्ट गाळलीस. ती शिवी कोणती? यांच्या शिव्या मला सगळ्या ठाऊक आहेत. गाढवाची असेल तर नुसता राग, तो संध्याकाळपर्यंत उतरतो. म्हशीची असेल तर घाबरले होते. पण माझ्या माहेराचा उद्धार करणारी ती जुनी असेल, जी लग्नानंतर पहिल्या वर्षी आपल्या बाबांसमोर तोंडातून निघाली होती, तर समज की माणूस पुरता बरा झाला.

मोठ्या बहिणीला कसे लिहू म्हणून लाजू नकोस. पार्वताला विचार, ती लिहून देईल.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी बेबीताई