मुद्गलाच्या मुठी

अहो,

कामावरून आलात की आधी हे वाचा. तोवर मुद्गल फिरवू नका.

माझ्याही बोटांवर तुमच्यासारखेच पांढरे चट्टे उठले, म्हणून सकाळी शिळफाट्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सुई टोचली. दुखलं, आणि बरं वाटलं. म्हणाले, "टोचलेलं कळतंय, म्हणजे महारोग नाही. हाताला काय लागतं तुमच्या?" तेव्हा आठवलं. घामाचा वास जावा म्हणून महिनाभर मीच मुद्गलाच्या मुठींना फिनेल चोळतेय, पाणी न घालता. तुम्हाला बोलले नव्हते. चट्टे त्यानंच उठले, म्हणाले डॉक्टर.

आता मुठी साबणाच्या फडक्यानं पुसून, वाळवून एरंडेल लावलंय. लाकडाला एवढंच पुरे. फिनेल मोरीपुरतं राहील. उद्या तुम्हालाही बोलावलंय, पण घाबरू नका म्हणाले.

मी सुमीला आणायला पळसदरीला जाते. तिला मावशीकडे पाठवलं ते सुट्टीसाठी नव्हतं, हे तुम्ही ओळखून होतात.

भाकऱ्या टोपलीत आहेत. तुमचं वेगळं ठेवलेलं ताट शोधू नका. ते घासून सगळ्यांच्या ताटांत ठेवलंय. आता त्यातलं तुमचं कुठलं, ते मलाही सांगता येणार नाही.

इंदू