साहेब आधी, कुत्रा नंतर

चौबे कॉलनी, रायपूर

ती. सुशीलाताईस नरहरीचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे आम्ही खुशाल (म्हणजे कुसुम आणि क्षमा, माझे पुढे येतेच).

तुला ठाऊकच आहे, निवृत्तीला दोन वर्षे उरली आणि मी अजून बाबूच. यंदा खात्यात बढतीची परीक्षा झाली. त्यात इंग्रजीचे विस्कटलेले शब्द देतात, ते जागच्या जागी बसवून वाक्य करायचे. क्षमाने जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहून चिठ्ठ्या केल्या आणि मला जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसवले. पहिल्याच दिवशी कुत्रा, साहेब आणि चावणे यांचे इंग्रजी शब्द आले. मी विचारपूर्वक मांडले. क्षमा म्हणाली, "पापा, साहब ने कुत्ते को काटा?" कुसुम फोडणी सोडून बघायला आली. "तुमच्या साहेबाले पाहून मले तर हेच खरं वाटते," म्हणाली आणि परत गेली.

ताई, चूक मला कळते, पण हात ऐकत नाही. एकतीस वर्षे आवक-जावक विभागात काढली. साहेबांच्या आधी कुणाचे नाव लिहिले नाही, तिथे कुत्र्याचे कसे लिहू? परीक्षेत तर वर चित्रही होते: साहेब विहिरीत, शिपाई काठावर दोर घेऊन. तरी मी साहेबांनाच पुढे ठेवले आणि त्यांच्याकडून शिपायाला वाचवले. देखरेखीला आमचेच मोठे साहेब होते. त्यांनी मागून वाकून वाचले आणि "बहुत बढ़िया" म्हणाले. मग काय, उरलेली सहा वाक्येही मी त्याच उत्साहात लिहिली.

असो. निकालाची मला मुळीच काळजी नाही. बढती म्हणजे शेवटी हाताची खुर्ची आणि पडद्याआडचे टेबल. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
नरहरी

ता. क. निकाल कालच लागला. दोन गुणांनी गेलो. काळजी नाही असे वर लिहिले ते खोटे आहे; काल मी जेवलो नाही.

आणखी ता. क. डिसेंबरात एक संधी आहे, शेवटची. तू जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेस, महिनाभर इथे येऊन राहा. ती लाकडी पट्टीही आण. क्षमाने आत्ताच पत्र वाचले, म्हणते, "पापा, ये तो सबसे पहले लिखना था." पण ताई, तुझ्या गुडघ्यांच्या आधी माझे काम कसे लिहू?